साखर आत येते तीच फॉस्फेट लावून: जिवाणूंची पीटीएस यंत्रणा

रसायनी

परवा आंबवण्याच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की जिवाणू आधी साखर शोषून घेतात आणि मग तिचं विघटन करतात. तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतेय. बऱ्याच जिवाणूंत हा क्रमच नसतो, आणि जीवरसायनशास्त्रातला माझा सगळ्यात आवडता भाग नेमका तिथेच आहे.

ग्लुकोज पाण्यात सहज विरघळतं, पण पेशीचं आवरण मेदाचं. त्यातून ग्लुकोज आपोआप आरपार जात नाही, त्यासाठी आवरणात बसलेलं वाहक प्रथिन लागतं. आपल्या पेशींत हे काम दोन टप्प्यांत होतं. वाहकातून ग्लुकोज आत येतं, मग हेक्सोकायनेज हे एन्झाइम एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्चून त्याच्या सहाव्या कार्बनवर फॉस्फेट चढवतं. फॉस्फेट चढलं की रेणूवर ऋण भार येतो आणि तो आतच अडकतो.

ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू हे दोन्ही एकाच हालचालीत उरकतो, शीर्षकातल्या पीटीएसने (फॉस्फोट्रान्सफरेज सिस्टिम). बाहेर ग्लुकोज, आत थेट ग्लुकोज-६-फॉस्फेट. या वाटेने मोकळं ग्लुकोज आत पडतच नाही. आणि ते फॉस्फेट एटीपीकडून येत नाही, फॉस्फोइनॉलपायरुव्हेटकडून येतं (पुढे नुसतं पीईपी म्हणते). पीईपी हा ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे ग्लुकोज पायरीपायरीने फोडून एटीपी कमावण्याच्या मार्गाच्या, अगदी शेवटाकडचा पदार्थ. म्हणजे आधी आलेल्या ग्लुकोजचे तुकडे होऊन जे तयार झालं, त्यातून नव्या ग्लुकोजची भरपाई होते.

पीईपीवरचं फॉस्फेट थेट साखरेवर उडी मारत नाही. आधी ते 'एन्झाइम एक' नावाच्या प्रथिनातल्या १८९व्या जागेवरच्या हिस्टिडीन या अमिनो आम्लावर बसतं. तिथून एचपीआर या ८५ अमिनो आम्लांच्या चिमुकल्या प्रथिनाच्या १५व्या हिस्टिडीनवर. इथपर्यंतची दोन प्रथिनं बहुतेक साखरांना सामाईक आणि पेशीद्रवात मोकळी फिरणारी. पुढे वाटा फुटतात, प्रत्येक साखरेचं 'एन्झाइम दोन' वेगळं. ग्लुकोजच्या वाटेवर एचपीआरकडून फॉस्फेट जातं 'दोन-ए'च्या ९०व्या हिस्टिडीनवर, तिथून 'दोन-बी'च्या ४२१व्या सिस्टीनवर. 'दोन-सी' हा भाग आवरणात रुतलेला असतो आणि बाहेरून आलेलं ग्लुकोज त्याने धरून ठेवलेलं असतं. दोन-बी त्या ग्लुकोजला फॉस्फेट देतं आणि रेणू आत सुटतो. मॅनिटॉलसाठी ए, बी, सी हे तिन्ही भाग एकाच लांबलचक प्रथिनात जोडलेले आहेत. मॅनोजला वर आणखी एक 'दोन-डी' लागतं. तपशील साखरेगणिक बदलतो, क्रम तोच.

आकडे बघा. पीईपीवरचं फॉस्फेट सुटताना प्रमाण स्थितीत मोलमागे सुमारे ६२ किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. एटीपीची सुमारे ३०.५. ग्लुकोज-६-फॉस्फेटची जेमतेम १४. मधल्या प्रथिनांवर बसलेलं फॉस्फेटही चांगलंच 'महाग' असतं, म्हणून ते एकाकडून दुसऱ्याकडे जातं तसं परतही येऊ शकतं. शेवटचा, साखरेवर जाण्याचा टप्पा मात्र जवळजवळ एकेरी.

शोध १९६४चा. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात सॉल रोझमन, वर्नर कुंडिग आणि सुधामय घोष एन-असिटाइलमॅनोसअमाइन या साखरेवर काम करत होते. तिच्यावर फॉस्फेट चढवणारं एन्झाइम जिवाणूंत शोधत असताना त्यांना दाता म्हणून एटीपीऐवजी पीईपी सापडलं, आणि मधे फॉस्फेट घेऊन उभं असलेलं, उष्णतेला दाद न देणारं एक लहानसं प्रथिन. तेच एचपीआर. रोझमन पुढे जॉन्स हॉपकिन्सला गेले आणि हयातभर या विषयात राहिले.

माझं म्हणणं एवढंच की ही नुसती साखर ओढणारी यंत्रणा नाही. या साखळीतल्या प्रथिनांवर फॉस्फेट आहे की नाही, यावरूनच पेशीला कळतं की बाहेर काय मिळतंय आणि आत काय चाललंय. प्रश्न विचारा, जमेल तशी उत्तरं देईन.

केशर

वाचतेय. मस्त सुरुवात. पु.भा.प्र.

सोपानकाका

विज्ञान सोडून चाळीस वर्षं झाली, तरी समजलं. मला हे आपल्या जुन्या जकात नाक्यासारखं वाटलं. गावात शिरतानाच मालावर शिक्का, आणि शिक्का बसला की माल गावचा.

रसायनी

काका, चालेल की! फक्त या नाक्यावर जकात भरायचे पैसे आधीच्या गाडीतला माल विकून येतात.

नवखा_प्रवासी

मग माझी शंका तिथेच. आधीची गाडी नसेल तर? जिवाणू उपाशी आहे, आत साखर नाही, म्हणजे ग्लायकोलिसिस नाही, म्हणजे पीईपी नाही. मग पहिला ग्लुकोजचा रेणू आत येणार कसा?

रसायनी

हाच प्रश्न हवा होता.

दुधातल्या लॅक्टोकॉकससारख्या जिवाणूंनी याची सोय करून ठेवली आहे. पीईपीपासून पायरुव्हेट बनवणारं एन्झाइम, पायरुव्हेट कायनेज, त्यांच्यात सतत चालू नसतं. ते चालायला फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट लागतं, आणि तो पदार्थ ग्लायकोलिसिसच्या वरच्या भागात तयार होतो. साखर संपली की तो झपाट्याने ओसरतो. त्याच वेळी पेशीत मोकळं फॉस्फेट वाढतं आणि तेही पायरुव्हेट कायनेजला दाबतं. म्हणजे खालचं तोंड बंद. वाटेत जे काही शिल्लक होतं ते पीईपी आणि त्याच्या अलीकडच्या एक-दोन पदार्थांच्या रूपात साचून राहतं.

उपाशी लॅक्टोकॉकस असा पीईपी जपून बसलेला असतो. साखर दिसली रे दिसली की आत ओढायला तयार. ती आत आली, फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट पुन्हा तयार झालं, की पायरुव्हेट कायनेज उघडतं आणि गाडं चालू.

ई. कोलायकडे याशिवाय दुसऱ्या वाटा आहेत. पायरुव्हेटपासून किंवा ऑक्झॅलोअसिटेटपासून तो उलट दिशेने पीईपी बनवू शकतो. त्यामुळे असिटेटवर किंवा सक्सिनेटवर वाढत असला तरी त्याच्याकडे पीईपी असतं.

नवखा_प्रवासी

वा! म्हणजे उपासमारीत खर्च बंद करून शेवटची पुंजी नेमकी साखर आणण्याच्या रूपात ठेवायची. धन्यवाद.

एमएस्सीचा_बळी

छान आहे, पण फायद्याचं गणित मला पटत नाही. पीईपीपासून पायरुव्हेट होताना एक एटीपी मिळतो. तो पीईपी साखर आणण्यात घालवला म्हणजे तो एटीपी गेला. मग सरळ एटीपी वापरला काय किंवा पीईपी वापरला काय, खर्च तोच ना? यात कौतुक कसलं?

रसायनी

गणित पूर्ण मांडू. हवा नाही, फक्त ग्लायकोलिसिसवर जगायचं आहे असं धरा.

साध्या पद्धतीत ग्लुकोज आत आल्यावर हेक्सोकायनेज किंवा ग्लुकोकायनेजसाठी एक एटीपी खर्च. फॉस्फोफ्रुक्टोकायनेजसाठी दुसरा. पुढे फॉस्फोग्लिसरेट कायनेजला दोन मिळाले, पायरुव्हेट कायनेजला दोन. चार वजा दोन, हाती दोन.

पीटीएसमध्ये पहिला एटीपी खर्चच नाही. फॉस्फोफ्रुक्टोकायनेजचा एक खर्च. फॉस्फोग्लिसरेट कायनेजला दोन मिळाले. एका ग्लुकोजपासून पीईपी दोन तयार होतात, त्यातला एक पुढचं ग्लुकोज आणण्यात गेला, उरलेल्या एकापासून एक एटीपी. तीन वजा एक, हातात दोनच.

इथपर्यंत तू म्हणतोस तसं, बरोबरी. पण साध्या पद्धतीत ग्लुकोज आत आणण्याचा खर्च मी धरलाच नाही. आपल्या रक्तात ग्लुकोज भरपूर असतं, त्यामुळे आपल्या बऱ्याच पेशींत ते उतारावरून फुकट आत येतं. जिवाणू जिथे राहतो तिथे ते बऱ्याचदा अगदी विरळ असतं, म्हणजे चढावर ओढावं लागतं. त्यासाठी एकतर आवरणापलीकडचे प्रोटॉन खर्चायचे किंवा वेगळा एटीपी जाळायचा. माल्टोजचा वाहक तेच करतो. पीटीएसमध्ये तो खर्च शून्य, कारण पीईपीच्या ६२ किलोज्यूलपैकी ग्लुकोज-६-फॉस्फेटमध्ये बांधले जातात जेमतेम १४. उरलेल्या उतारावर वाहतूक होऊन जाते. ज्याची अख्खी कमाई ग्लुकोजमागे दोन एटीपी आहे त्याला हा फरक मोठा.

आता उलट बाजू. स्युडोमोनास घे. तो हवेत श्वसन करून भरपूर एटीपी कमावतो आणि ग्लुकोज एंटनर-डाउडोरॉफ मार्गाने फोडतो. त्या मार्गात एका ग्लुकोजमागे पीईपी एकच मिळतो. तो साखर आणण्यात घातला तर बाकी कामांना काही उरतच नाही. त्याच्याकडे ग्लुकोजची पीटीएस नाही, मुख्यतः फ्रुक्टोजची आहे. मला तरी यात योगायोग दिसत नाही.

एमएस्सीचा_बळी

पटलं. 'मोकळं ग्लुकोज आत पडतच नाही' हे मात्र सिद्ध कसं केलं? आधी आत येऊन लगेच फॉस्फेट चढत असेल तर बाहेरून कसं कळणार?

रसायनी

१९६८मध्ये रोनाल्ड कबॅक यांनी ई. कोलायच्या आवरणाच्या रिकाम्या पिशव्या बनवल्या. आतलं पेशीद्रव धुऊन गेलेलं, शिल्लक फक्त आवरण आणि त्यातली प्रथिनं. त्या पिशव्यांत आधीच एका किरणोत्सारी खुणेचं ग्लुकोज भरलं आणि बाहेरच्या द्रावात दुसऱ्या खुणेचं. पीईपी दिल्यावर कोणत्या खुणेच्या साखरेवर फॉस्फेट चढतं ते मोजलं. चढलं ते प्रामुख्याने बाहेरच्या साखरेवर. आत आधीपासून बसलेलं ग्लुकोज तसंच राहिलं. आधी आत येऊन मग फॉस्फेट चढत असतं तर आतल्या साखरेला पहिला मान मिळायला हवा होता.

केशर

किती साधा आणि किती चोख प्रयोग!

माझा प्रश्न स्वयंपाकघरातला. दह्याच्या विरजणातले जिवाणू असंच करतात का? दुधात तर ग्लुकोज नसून लॅक्टोज असतं ना?

रसायनी

केशरताई, विरजणात कोण आहे त्यावर अवलंबून. घरच्या दह्यात बऱ्याचदा लॅक्टोकॉकस लॅक्टिस असतो. तो अख्खं लॅक्टोज पीटीएसमधून घेतो, म्हणजे आत येतं ते लॅक्टोज-६-फॉस्फेट. आपण शाळेत शिकतो ते लॅक्टेज, म्हणजे बीटा-गॅलॅक्टोसिडेज, हे तोडू शकत नाही. त्यासाठी त्याच्याकडे वेगळं फॉस्फो-बीटा-गॅलॅक्टोसिडेज असतं. तुकडे पडतात ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज-६-फॉस्फेट. ग्लुकोज नेहमीच्या वाटेने, गॅलॅक्टोज-६-फॉस्फेट टॅगॅटोज-६-फॉस्फेटच्या आडवाटेने, आणि शेवटी दोन्हींपासून लॅक्टिक आम्ल.

गंमत म्हणजे ही लॅक्टोजची जनुकं लॅक्टोकॉकसमध्ये बहुधा मुख्य गुणसूत्रावर नसतात, प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या वेगळ्या छोट्या कड्यावर, असतात. प्लाझ्मिड गळून पडलं तर तोच जिवाणू ग्लुकोजवर व्यवस्थित वाढतो, पण दुधात रखडतो. चीज करणाऱ्यांना या कलचरची अचानक सुस्ती फार पूर्वीपासून माहीत होती. कारण १९७०च्या दशकात कळलं.

योगर्टमधला स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस मात्र पूर्ण वेगळा. तो लॅक्टोजला पीटीएस वापरत नाही. त्याचा वाहक एक लॅक्टोज आत घेतो आणि त्याच्या बदल्यात एक गॅलॅक्टोज बाहेर टाकतो. आत बीटा-गॅलॅक्टोसिडेज लॅक्टोज तोडतं, ग्लुकोज वापरलं जातं, आणि गॅलॅक्टोज बहुतेक वाणांना पचवताच येत नाही म्हणून बाहेर. मोझरेला अशा कलचरने केलं आणि त्यात गॅलॅक्टोज शिल्लक राहिलं, तर पिझ्झा भाजताना चीज जास्त तपकिरी होतं.

दातवाली

माझा विषय निघाला! मी दंतवैद्य आहे. दात किडवणारा स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स पीटीएसवर जोरदार विसंबून असतो. सुक्रोज, म्हणजे आपली रोजची साखर, आत घेऊन तिचं आम्ल करतो आणि दाताचं खनिज त्यात विरघळतं. टूथपेस्टमधलं फ्लोराइड दाताचं आवरण आम्लाला जास्त टिकाऊ करतं हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरी बाजू कमी लोकांना माहीत असते. फ्लोराइड जिवाणूच्या इनोलेज या एन्झाइमला अडवतं. आणि रसायनी, तुमच्या लेखातलं पीईपी बनवणारं एन्झाइम इनोलेजच ना?

रसायनी

तेच, ताई. इनोलेज अडलं की पीईपी कमी, पीईपी कमी की पुढची साखर आत येणं कमी. तोंडात आम्ल जास्त असेल तेव्हा फ्लोराइड हायड्रोजन फ्लोराइडच्या रूपात पेशीत सहज शिरतं. म्हणजे जिवाणू जेवढं आम्ल करेल तेवढं त्याच्यात फ्लोराइड जास्त जाणार.

लॅबटेक

अरे, मग आमची राखाडी टोपीची नळी! शुगरसाठी रक्त घेतो त्या नळीत सोडियम फ्लोराइड असतं. रक्तपेशींनी नमुन्यातलं ग्लुकोज खाऊन टाकू नये म्हणून. तेही इनोलेजच अडवतं.

रसायनी

बरोबर. आणि म्हणूनच फ्लोराइड घातलं तरी पहिला तास-दोन तास ग्लुकोज थोडं उतरत राहतं. इनोलेज मार्गाच्या खालच्या टोकाला आहे, वरची एन्झाइमं तेवढ्यात काम करून घेतात. नमुना बाहेर पाठवायचा असेल तर त्यातल्या रक्तपेशी लवकर वेगळ्या करा म्हणतात ते यासाठी.

दातवाली

झायलिटॉलचं पण सांगा. शुगर-फ्री च्युइंगममध्ये असतं, पेशंट नेहमी विचारतात.

रसायनी

ही पीटीएसची फसगत आहे. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्सची फ्रुक्टोजची वाट झायलिटॉलला आत घेते आणि पीईपी खर्चून त्याचं झायलिटॉल-५-फॉस्फेट करते. पुढे ते वापरता येत नाही. साचलं की ग्लायकोलिसिसला त्रास देतं. मग पेशी फॉस्फेट काढून ते बाहेर टाकते, तेच झायलिटॉल पुन्हा आत येतं, पुन्हा पीईपी खर्च. मात्र फ्रुक्टोजची ही वाट बंद झालेले वाण तगून राहतात आणि झायलिटॉल खूप वापरणाऱ्यांच्या तोंडात असे वाण सापडतात.

प्र_के_जोग

धागा चांगला चालला आहे, पण एक हरकत. सुरुवातीला तुम्ही म्हणालात की या साखळीवरून पेशीला 'कळतं'. ग्लुकोज असताना लॅक्टोज वापरायचं नाही हे ई. कोलायला सीएएमपी या पेशीतल्या निरोप्या रेणूमुळे कळतं, असं आम्ही पाठ केलं आणि पुढे वर्गात शिकवलंही. ग्लुकोज असेल तर सीएएमपी कमी, म्हणून लॅक ओपेरॉन (लॅक्टोज वापरण्याच्या जनुकांचा संच) बंद. यात पीटीएस कुठे आली?

रसायनी

सर, दोन्ही ठिकाणी आली. आणि सीएएमपीवाली गोष्ट अर्धीच आहे.

सगळा खेळ त्या 'दोन-ए'भोवती. ग्लुकोज धो-धो आत येत असतं तेव्हा साखळीवरचं फॉस्फेट सतत साखरेवर निघून जातं, म्हणून दोन-ए बहुतांश उघडं, फॉस्फेटविना राहतं. ग्लुकोज नसेल तर फॉस्फेट पुढे जायला जागाच नाही, साखळी भरून राहते आणि दोन-एवर फॉस्फेट बसलेलं असतं. फॉस्फेटवालं दोन-ए अॅडिनिलेट सायक्लेजला उत्तेजन देतं, त्यातून सीएएमपी वाढतो. तुमची वर्गातली गोष्ट ती ही.

दुसरी बाजू उघड्या दोन-एची. ते लॅक्टोजच्या वाहकाला, लॅक-वायला, आतल्या बाजूने चिकटतं आणि बंद करतं. लॅक्टोज आत आलंच नाही तर त्यापासून होणारं अॅलोलॅक्टोज नाही, आणि अॅलोलॅक्टोज नाही तर ती जनुकं बंद ठेवणारा लॅक रिप्रेसर डीएनएवरून हलत नाही. उघडं दोन-ए माल्टोजच्या वाहकालाही असंच अडवतं, ग्लिसरॉलवर फॉस्फेट चढवणाऱ्या कायनेजलाही.

ग्लुकोज आणि लॅक्टोज एकत्र दिल्यावर वाढ दोन टप्प्यांत होते, मधे एक थांबा येतो, हे जॅक मोनो यांनी १९४१च्या पॅरिसमधल्या प्रबंधात दाखवलं. १९९६मध्ये जपानमधल्या इनादा, किमाता आणि आइबा यांनी त्या दोन टप्प्यांत सीएएमपी मोजला. ग्लुकोजवर वाढतानाचा आणि नंतर लॅक्टोजवर वाढतानाचा सीएएमपी जवळपास सारखाच निघाला. लॅक रिप्रेसर नसलेल्या वाणात तो थांबाही नाहीसा झाला. म्हणजे या विशिष्ट प्रसंगात मुख्य कारण लॅक्टोजचं दार बंद होणं. सीएएमपी निरर्थक आहे असं नाही. तो आणि त्याच्या जोडीने काम करणारं सीआरपी हे प्रथिन नसेल तर लॅक ओपेरॉन नीट चालतच नाही. पण 'ग्लुकोज म्हणून सीएएमपी कमी म्हणून लॅक बंद' ही सरळ रेघ जी पुस्तकात छापलेली असते, ती टिकत नाही. अजून छापतात, परीक्षेतही तीच लिहावी लागते, हे आपलं दुर्दैव.

आणि हे ई. कोलायचं झालं. बॅसिलस, लॅक्टोकॉकस यांच्यात दोन-एऐवजी एचपीआर हे काम करतं. त्याच्या ४६व्या सेरिनवर एक वेगळं कायनेज एटीपी वापरून फॉस्फेट लावतं. मग ते सीसीपीए या प्रथिनाशी जोडी करून डीएनएवर जाऊन बसतं.

प्र_के_जोग

१९९६चं काम माझ्या वाचनात नव्हतं. शोधून वाचतो. आभार.

निशाचर

जास्त साखर आत आली तर? फॉस्फेटवाल्या साखरा साचून त्रास होतो म्हणालात वर.

रसायनी

होतो. ग्लुकोज-६-फॉस्फेट साचलं की ई. कोलाय एसजीआरएस नावाचा छोटा आरएनए बनवतो. तो ग्लुकोज वाहक बनवण्याचा संदेश असलेल्या एमआरएनएला जाऊन चिकटतो, त्यावरून प्रथिन बनणं थांबतं आणि तो एमआरएनए तोडला जातो. म्हणजे नवे वाहक बनणं बंद. शिवाय त्याच छोट्या आरएनएमध्ये ४३ अमिनो आम्लांचं एक पेप्टाइडही लिहिलेलं आहे, जे आधीच आवरणात बसलेल्या वाहकांना अडवतं.

औषधवाला

मी फर्मेंटेशन प्लांटला आहे, थोडं आमच्या बाजूने. अॅरोमॅटिक अमिनो आम्लं किंवा शिकिमिक आम्ल काढायचं असेल तर पीटीएस आमची वैरीण. त्या मार्गाची पहिलीच पायरी पीईपी आणि एरिथ्रोज-४-फॉस्फेट जोडण्याची. आणि पीटीएस दोनातला एक पीईपी साखर आणायलाच खाऊन टाकते. म्हणून वाण घडवताना पीटीएस काढून टाकतात आणि ग्लुकोजला दुसरी वाट देतात. एकतर ई. कोलायचाच गॅलॅक्टोज वाहक आणि ग्लुकोकायनेज, किंवा झायमोमोनासचा साधा, उतारावरचा वाहक. एटीपी खर्च होतो, पण पीईपी वाचतं. उत्पादनाला तेच हवं.

२००९ला पुण्यात स्वाइन फ्लूची धांदल उडाली होती आठवतंय? तेव्हा ज्या टॅमिफ्लूमागे सगळे धावत होते ते ओसेल्टामिव्हिर शिकिमिक आम्लापासून बनतं. ते आम्ल मुख्यतः चिनी चक्रीफुलापासून काढायचे, आणि काही भाग अशा घडवलेल्या ई. कोलायकडून.

केशर

गोडा मसाल्यातलं चक्रीफूल! (अवांतर झालं, पण राहवलं नाही.)

लॅबटेक

आणखी एक. फॉस्फोमायसिनची संवेदनशीलता बघताना आम्ही अगारमध्ये ग्लुकोज-६-फॉस्फेट घालतो, मिलिलिटरला २५ मायक्रोग्रॅम. वर्षानुवर्षं घालतोय. त्याचा या सगळ्याशी संबंध आहे का?

रसायनी

सरळ संबंध. फॉस्फोमायसिन म्हणजे मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी ३ ग्रॅमच्या पुडीत मिळतं ते. पेशीभित्तिका बनवणाऱ्या मर-ए या एन्झाइमचा एक कच्चा माल पीईपीच आहे, आणि फॉस्फोमायसिन पीईपीची नक्कल करून त्या एन्झाइमला कायमचं चिकटतं.

आत ते दोन वाहकांतून जातं. एक ग्लिसरॉल-३-फॉस्फेटचा आणि एक ग्लुकोज-६-फॉस्फेटचा. दुसरा वाहक बाहेर ग्लुकोज-६-फॉस्फेट असेल तेव्हाच भरपूर बनतो, म्हणून तुम्ही ते अगारमध्ये घालता. शरीरात औषधाला जी वाट मिळते ती प्लेटमध्येही मिळावी एवढाच हेतू.

या दोन्ही वाहकांची जनुकं चालायला सीएएमपी लागतो. 'एन्झाइम एक' हेच बिघडलं तर दोन-एवर फॉस्फेट चढत नाही, सीएएमपी घसरतो, वाहक कमी होतात आणि औषध आतच जात नाही. प्रयोगशाळेत फॉस्फोमायसिनला न जुमानणारे उत्परिवर्ती शोधले तर त्यांत 'एन्झाइम एक' बिघडलेले सापडतात. पण असे जिवाणू रडतखडत वाढतात, साखरच धड घेता येत नाही ना. प्लेटवर सहज मिळणारा हा प्रतिकार रुग्णांत तेवढा का पसरत नाही, त्याचं हे एक कारण मानलं जातं.

एमएस्सीचा_बळी

ताई, शेवटचं. आमच्याकडे किरणोत्सारी साखर नाही, भारी उपकरणं नाहीत. बीएस्सीच्या मुलांना पीटीएस डोळ्यांनी दाखवता येईल असं काही आहे का?

रसायनी

आहे, आणि स्वस्त आहे. ओएनपीजी (तुटलं की पिवळा रंग देणारा पदार्थ) तुमच्याकडे असणारच, बीटा-गॅलॅक्टोसिडेजच्या प्रात्यक्षिकाला वापरता ते. लॅक्टोजवर वाढवलेला ई. कोलाय आणि लॅक्टोजवर वाढवलेला लॅक्टोकॉकस लॅक्टिस घ्या. दोन्ही धुऊन बफरमध्ये ठेवा, थोडं टोल्युइन घालून पेशी सच्छिद्र करा (फ्यूम हूडमध्येच, वर्गातल्या टेबलावर नको). त्यामुळे आतले छोटे रेणू धुऊन जातात, पण आवरण आणि प्रथिनं राहतात.

आता ओएनपीजी घाला. ई. कोलायची नळी पिवळी होईल, कारण त्याचं एन्झाइम ओएनपीजी सरळ तोडतं. लॅक्टोकॉकसची नळी फिकी राहील. त्याच नळीत पीईपी घाला. पीटीएस ओएनपीजीवर फॉस्फेट चढवेल, फॉस्फो-बीटा-गॅलॅक्टोसिडेज ते तोडेल, पिवळा रंग येईल. तिसऱ्या नळीत पीईपीऐवजी एटीपी घालून रंगाची तुलना करा, म्हणजे दाता कोण हा प्रश्न तिथेच सुटेल. पीईपीसोबत थोडं सोडियम फ्लोराइड घालायला विसरू नका. नाहीतर तुमचं महागाचं पीईपी पेशीतलं इनोलेज उलटं फिरवून खाऊन टाकेल.

वाण निवडताना बघून घ्या. काही लॅक्टोकॉकस वाणांत साधं बीटा-गॅलॅक्टोसिडेजही असतं, तो घेतलात तर दोन्ही नळ्या आधीच पिवळ्या.

एमएस्सीचा_बळी

टोल्युइन किती घालायचं आणि किती वेळ ठेवायचं ते व्यनि करता का? पुढच्या सत्रात लावतो.

रसायनी

व्यनि केला आहे. एक पीईपीविना, फक्त फ्लोराइडची नळीही ठेव, मुलं विचारतीलच.